नवोदितांचे व्यासपीठ आणि साखरेचा प्रवास : कॅरिबियन वाङ्मयव्यवहाराचा एक विचार

नवोदितांना व्यासपीठ मिळाले पाहिजे, असे सर्वत्र म्हटले जाते. ते व्यासपीठ कोणाच्या मालकीचे आणि किती दूर, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. इंग्रजीभाषक कॅरिबियन बेटांच्या वाङ्मयेतिहासात मात्र तो टाळता येत नाही. १९४० च्या दशकात या बेटांवर प्रकाशनव्यवसाय जवळजवळ नव्हताच. १९४८ मध्ये सेंट लुशियाच्या अठरा वर्षांच्या डेरेक वॉलकॉट यांना पहिला काव्यसंग्रह आईने दिलेल्या पैशांतून छापून स्वतःच विकावा लागला. त्या संग्रहाकडे जाणकारांचे लक्ष वेधले ते बार्बेडोसच्या फ्रँक कॉलिमोर यांनी. कॉलिमोर हे पेशाने शाळामास्तर. १९४२ साली सुरू झालेले ‘बिम’ हे नियतकालिक त्यांनी दीर्घकाळ सांभाळले. जॉर्ज लॅमिंग हे त्यांचेच विद्यार्थी.

‘बिम’ला जे साधनांअभावी शक्य नव्हते ते बीबीसीच्या ‘कॅरिबियन व्हॉइसेस’ने केले. जमैकाच्या कवयित्री युना मार्सन यांनी १९४३ मध्ये आरंभिलेला हा नभोवाणी कार्यक्रम १९५८ पर्यंत चालला. १९४६ ते १९५४ या काळात हेन्री स्वान्झी यांनी त्याचे संपादन केले. किंग्स्टनमध्ये ग्लॅडिस लिंडो हस्तलिखिते गोळा करीत; ती लंडनला जात, तेथे निवडली जात, ध्वनिलहरींवरून पुन्हा बेटांवर येत. लेखकाला मानधन मिळे, शिवाय परखड समीक्षाही. इंग्रजी निसर्गकवितेच्या नकलेपेक्षा स्थानिक जीवनाचे चित्रण स्वान्झी यांना अधिक मोलाचे वाटे, ही त्यांची जमेची बाजू निर्विवाद आहे. पण ‘स्थानिक’ म्हणजे काय, याचा निवाडा लंडनमध्ये होत होता. लॅमिंग यांनी १९६० च्या ‘द प्लेझर्स ऑफ एक्झाइल’ या ग्रंथात या व्यवहाराची तुलना साखरेशी केली आहे : ऊस बेटांवर लावायचा, तोडायचा, शुद्धीकरणासाठी परदेशी धाडायचा आणि तयार माल परत घ्यायचा. मळ्यांच्या अर्थव्यवस्थेत वाढलेल्या लेखकाला सुचलेली ही तुलना केवळ अलंकारिक नाही. लेखकही त्याच वाटेने गेले. लॅमिंग आणि सॅम सेल्व्हन १९५० मध्ये एकाच जहाजाने इंग्लंडला पोहोचले. ज्या व्यवस्थेने त्यांना घडविले, तिनेच बेटांवरचा लेखक बेटांवर राहणे अवघड केले, असे म्हणणे भाग आहे.

वॉलकॉट यांनी १९५९ मध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे उभारलेली नाट्यकार्यशाळा, पुढची ‘ट्रिनिडाड थिएटर वर्कशॉप’, हा याला दिलेला प्रतिवाद होय. बेरिल मॅकबर्नी यांच्या ‘लिटल कॅरिब’ या रंगमंदिराच्या आधाराने ती सुरू झाली. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी तालीम, अशी नटांची दिनचर्या होती. प्रयोग सादर करण्याची घाई नव्हती. पहिला जाहीर प्रयोग १९६२ मध्ये झाला. नवोदितांसाठीच्या आजच्या अनेक योजनांत हा संयम अभावानेच आढळतो. लोककलांना पर्यटकांपुढे सजवून मांडणाऱ्या शासकीय आश्रयावर वॉलकॉट यांनी १९७० च्या ‘व्हॉट द ट्वायलाइट सेज’ या निबंधात कठोर टीका केली. मात्र १९७६ मध्ये ते स्वतःच संस्थेतून बाहेर पडले. संस्था टिकली, हे अधिक महत्त्वाचे.

भाषेचा प्रश्न याहून कठीण आहे. लुईस बेनेट यांना ब्रिटिश कौन्सिलच्या शिष्यवृत्तीवर १९४५ मध्ये लंडनच्या नाट्यविद्यालयात प्रवेश मिळाला. म्हणजे कलावंत म्हणून त्यांची दखल घेतली गेली. परंतु जमैकन बोलीतील त्यांच्या काव्याला १९६२ च्या स्वातंत्र्यनिमित्त संकलनात कवितेच्या विभागात स्थान नव्हते. ते ‘संकीर्ण’मध्ये ढकलले गेले. १९६३ मध्ये मर्व्हिन मॉरिस यांना ही कविता गांभीर्याने वाचा, असे सांगणारा निबंध लिहावा लागला. रंगमंचावर टाळ्या आणि ग्रंथात तळटीप, हा प्रकार समीक्षेला शोभणारा नव्हता. १९७७ मध्ये किंग्स्टनच्या कष्टकरी स्त्रियांनी स्थापन केलेल्या ‘सिस्ट्रेन’ नाट्यसमूहाने, ऑनर फोर्ड-स्मिथ यांच्या मार्गदर्शनाखाली, आपल्याच आयुष्यांतून नाटके रचली. १९८६ च्या ‘लायनहार्ट गाल’मध्ये त्या स्त्रियांची आत्मकथने बहुतांशी बोलीतच छापली गेली.

२०११ पासून पोर्ट ऑफ स्पेन येथे ‘बोकास’ साहित्यमहोत्सव भरतो, हा बदल स्वागतार्ह आहे. तरीही कॅरिबियन साहित्याचे एक प्रमुख प्रकाशनगृह ‘पीपल ट्री’ १९८५ पासून इंग्लंडमधील लीड्स येथून पुस्तके काढते. साखर अजून पुरती घरी परतलेली नाही.