जाळी गेली, चेहराही गेला

उमेळे असो की वसईतले दुसरे कोणतेही जुने गाव, घरच्या अल्बममध्ये खरखरीत कागदावरचे एखादे छायाचित्र सापडतेच. बोटांचे ठसे व चकाकी दिसू नये म्हणून अशा कागदावर बारीक उंचवटे उठवत. स्कॅनरचा प्रकाश तिरका पडतो, प्रत्येक उंचवट्याची सावली उमटते आणि चेहऱ्यावर जाळी दिसू लागते.

ती घालवण्यासाठी चित्र सरसकट धूसर करतात. हा उपाय सदोष आहे. शेजारच्या बिंदूंची सरासरी घेतली की जाळीबरोबर पापण्या आणि सुरकुत्याही पुसल्या जातात. कृत्रिम बुद्धिमत्ता तर रिकाम्या जागी अंदाजाने नवी त्वचा भरते. चेहरा सुबक दिसतो, पण तो आजीचा राहत नाही.

जाळी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येते. फूरिये रूपांतर केल्यास ती मोजक्या ठळक ठिपक्यांत गोळा होते. तेवढेच ठिपके काढून चित्र परत मिळवता येते. १९६९ च्या मरिनर ६ यानाच्या मंगळचित्रांतला आवर्ती गोंगाट असाच काढला गेला.

मात्र कुपारी स्त्रियांच्या तांबड्या लुगड्याच्या चौकटीही आवर्तीच! मग ठिपका कागदाचा की लुगड्याचा? छायाचित्राची कोरी कड तपासावी. कागदाची जाळी तिथेही असते, लुगडे नसते.

वर्गात सोपा प्रयोग करता येईल. छायाचित्र एकदा सरळ व एकदा १८० अंशांत फिरवून स्कॅन करा. दुसरी प्रत सरळ करून दोन्ही तंतोतंत जुळवा व सरासरी घ्या. विरुद्ध बाजूंना पडलेल्या सावल्या बऱ्याच अंशी नाहीशा होतात. मूळ स्कॅन मात्र जपून ठेवावा. पुरावा तोच असतो.