दुसऱ्यांच्या तबकड्या

'डीजे' हीं दोन अक्षरें कानीं पडतांच आमच्या पुष्कळ वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. मिरवणुकींतील कर्ण्यांच्या भिंती, थरथरणारीं तावदानें व घरांतील वृद्धांची उडालेली झोंप, एवढाच ह्या शब्दाचा आपल्याकडील परिचय. त्या गोंगाटाचें वकीलपत्र घेण्याचा आमचा मुळींच इरादा नाहीं. परंतु ज्या धंद्याच्या नांवावर तो चालतो, त्याच्या मुळाशीं एक कला आहे. आणि तिच्यावरील मुख्य आक्षेप वाङ्मयाच्या अभ्यासकांस चांगलाच ओळखीचा आहे. जो मनुष्य स्वतः गात नाहीं, वाजवीत नाहीं, केवळ दुसऱ्यांच्या तबकड्या लावतो, त्यास कलावंत कसें म्हणावें?

तात्त्विक काथ्याकूट करण्यापेक्षां एखादी कृतिच तपासून पाहावी, हें आम्हांस अधिक सयुक्तिक वाटतें. १९८१ सालीं अमेरिकेंतील शुगर हिल कंपनीनें 'दि ॲडव्हेंचर्स ऑफ ग्रँडमास्टर फ्लॅश ऑन दि व्हील्स ऑफ स्टील' ह्या लांबलचक नांवाची, सुमारें सात मिनिटांची एक तबकडी काढली. फ्लॅशनें तींत एकहि वाद्य वाजविलेलें नाहीं. जें आहे तें सर्व फिरत्या थाळ्यांवर, आधींच निघालेल्या तबकड्यांतून उचललेलें.

हें तंत्र आलें कोठून? न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्स भागांत, सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतींत, ११ ऑगस्ट १९७३ रोजीं कूल हर्क ह्या जमैकांत जन्मलेल्या तरुणानें आपल्या बहिणीच्या मेजवानींत तबकड्या लावल्या. गाण्यांत एक जागा अशी येते कीं, गायन व इतर वाद्यें थांबतात आणि केवळ तालवाद्यांचा ठेका उरतो. नाचणारे त्या कांहीं सेकंदांचीच वाट पाहत असतात, हें हर्कनें हेरलें. मग एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन थाळ्यांवर ठेवून तो तीच जागा पुनः पुनः ऐकवूं लागला. त्याची सांधणी मात्र ओबडधोबड असे. सुई अंदाजानें टाकावयाची आणि ठेका चुकला तर चुकला. फ्लॅशनें विजेच्या उपकरणांचें शिक्षण घेतलें होतें. त्यास हें खपेना. त्यानें तबकडीवर रंगीत खडूनें खुणा केल्या, नेमकी जागा परत आणण्यास थाळी किती वेढे उलटी फिरवावी ह्याचा हिशेब बसविला, आणि पुढची तबकडी श्रोत्यांआधीं आपल्या कानांत ऐकूं यावी म्हणून एक खटका स्वतः तयार केला. ठेक्याची एकहि मात्रा न सांडतां दहा सेकंदांची जागा दहा मिनिटें लांबविणें त्यास शक्य झालें.

एवढ्यानें तो कुशल कारागीर ठरतो. त्याच्या हातांचें हें काम आज संगणक विनासायास करतो. दोन गाण्यांची गति जुळविण्यास एक कळ दाबली कीं पुरे. म्हणून फ्लॅशची योग्यता पाहावयाची तर त्यानें काय निवडलें व कशाशेजारीं ठेवलें, हें पाहिलें पाहिजे.

शीक ह्या वाद्यवृंदाचें 'गुड टाइम्स' हें गाणें १९७९ सालचें. त्यांतील बास गिटारीची खर्जांतली चाल बर्नार्ड एडवर्ड्सची. पुढच्याच वर्षीं क्वीन ह्या इंग्लिश वाद्यवृंदाचें 'अनदर वन बाइट्स द डस्ट' निघालें, आणि त्याची खर्जांतली चाल पहिलीच्या इतकी जवळची कीं ऐकणारा चमकावा. फ्लॅशनें हीं दोन्ही गाणीं आपल्या एकाच तबकडींत आणलीं. तो टीकेचा एक शब्द उच्चारीत नाहीं. मूळ कोणतें व छाया कोणती, हें श्रोत्याच्या कानासच उमजतें. आमच्या मासिकांतील पंडित ह्याच कामासाठीं वीस पानें घेतात! तसेंच ब्लाँडीच्या 'रॅप्चर' ह्या गाण्यांत फ्लॅशचा नांवानें उल्लेख आहे. तीच जागा उचलून त्यानें दुसऱ्यानें केलेली स्तुति आपल्या कृतींत सामग्री म्हणून वापरली. हा विनोद उच्च प्रतीचा आहे. मध्येंच येणारा मुलांच्या गोष्टीचा उतारा मात्र आम्हांस रेंगाळलेला वाटतो; तेथें ठेक्याचा ताण सुटतो.

राजशेखरानें हजारएक वर्षांपूर्वीं 'काव्यमीमांसें'त हरणाचा सविस्तर विचार केला व कवींचे उत्पादक, परिवर्तक, आच्छादक व संवर्गक असे वर्ग पाडले. फ्लॅश आमच्या मतें परिवर्तक होय. त्यानें घेतलें तें उघड्यावर घेतलें. 'गुड टाइम्स' ओळखूं आलें नाहीं तर ह्या तबकडीची निम्मी गंमत गेलीच. पण ह्याच कलेच्या पोटीं आच्छादकहि जन्मले. हर्क स्वतः तबकड्यांवरील नांवांचे कागद पाण्यांत भिजवून काढून टाकीत असे, कीं प्रतिस्पर्ध्यांस त्याची निवड कळूं नये. हें आम्ही धंद्यांतील चातुर्य म्हणून सोडून देऊं. परंतु पुढें ध्वनीचा तुकडा कापून साठविणारीं यंत्रें स्वस्त झालीं, आणि उचललेल्या ठेक्यावर नवीं गाणीं रचून तीं स्वतःच्या नांवें विकण्याचा प्रघात पडला. तेथें मूळ वादकाचें नांव लपविण्याची गरजहि उरली नाहीं, कारण तें कोणी विचारीतच नव्हतें.

१९९१ सालीं न्यू यॉर्कच्या एका न्यायालयानें परवानगीवांचून केलेली अशी उचल बेकायदेशीर ठरविली. तो निर्णय गाण्यांचे हक्क ज्यांच्या तिजोरींत होते त्यांस लाभला. विन्स्टन्स ह्या वाद्यवृंदाच्या 'एमेन, ब्रदर' ह्या १९६९ सालच्या गाण्यांत सुमारें सात सेकंदांचा केवळ ड्रमचा एक ठेका आहे. तो पुढें शेंकडों गाण्यांचा पाया झाला. इंग्लंडांत तर त्याच्यावर नाचाच्या संगीताचा एक संप्रदायच उभा राहिला. वाद्यवृंदाचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर ह्यास त्याबद्दल २०१५ सालीं सुमारें २४,००० पौंड मिळाले, तेहि रसिकांच्या लोकवर्गणींतून. तो ठेका ज्यानें वाजविला त्या ग्रेगरी कोलमनच्या हातीं कांहींच पडलें नाहीं. तो २००६ सालींच निर्धन स्थितींत वारला होता.