ऐतिहासिक बालकथा आणि हल्याळचे रान

सुटकेची गोष्ट मराठी मुलांना नवी नाही. १६६० मधील पन्हाळा आणि १६६६ मधील आग्रा या दोन सुटकांवर आपली ऐतिहासिक बालकथा पिढ्यान्‌पिढ्या पोसली गेली आहे. त्यांत गैर काही नाही. या प्रसंगांत मुळातच इतके नाट्य आहे की सामान्य लेखकाच्या हातूनही ते सहसा बिघडत नाहीत. परंतु त्यांच्यामुळे सुटकेची एक ठराविक कल्पना मुलांच्या मनांत घर करून बसली आहे. सुटणारा पुरुष थोर असतो, त्याचे नाव सर्वांच्या मुखी असते, आणि वाटेच्या शेवटी एखादा गड दरवाजा उघडून त्याच्यासाठी सज्ज असतो. ज्याला गड नाही आणि ज्याचे नावही कोणी कागदावर टिपून ठेवले नाही, अशा माणसाची सुटका कशी सांगावी, हा प्रश्न आपल्या बालकथेला पडल्याचे आमच्या तरी वाचनात नाही.

आम्हांलाही तो आपण होऊन पडला नव्हता. तो वर्गात पडला. अमरगोळच्या आमच्या शाळेत शनिवारी शेवटच्या तासाला आम्ही मुलांना काहीतरी वाचून दाखवितो. गेल्या वर्षी वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ (१९८१) घेतले होते. दरोडेखोरांनी आईसह पळवून नेलेले गुलामाचे पोर एका घोड्याच्या बदल्यात परत मिळते, आई मात्र कायमची जाते, हा भाग ऐकताना एरवी चुळबुळणारा वर्ग स्तब्ध झाला. पुढच्या महिन्यात पन्हाळ्याच्या वेढ्यावरची एक बालकादंबरी हाती घेतली. तीत सिद्दी जौहर आला तो काळाकभिन्न देह, जाड ओठ आणि क्रूर डोळे घेऊनच. आणि वर्गातील साऱ्या माना एका मुलाकडे वळल्या. त्याचे कुटुंब मूळचे हल्याळ तालुक्यातील. वडील येथील बाजार समितीच्या आवारात हमाली करतात. मुलाने मान खाली घातली नाही. तास सुटल्यावर मात्र त्याने विचारले, “सर, कार्व्हर आमच्यातलेच ना? मग हा जौहर कोणाचा?”

आम्ही त्याला सिद्दी हिलालची हकीकत सांगितली. पन्हाळ्याचा वेढा फोडण्यासाठी नेताजी पालकरांबरोबर हा हबशी सरदार शिवाजी महाराजांच्या बाजूने लढला होता. उत्तर खरे होते, पण अपुरे होते. पोराने आपल्या पूर्वजांविषयी विचारले, आणि आम्ही एका सरदाराऐवजी दुसरा सरदार त्याच्यापुढे उभा केला!

वस्तुतः सामग्री आमच्या दाराशी आहे. अमरगोळहून धारवाडमार्गे हल्याळला अर्ध्या दिवसात जाऊन येता येते. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, जोयडा, अंकोला या उत्तर कन्नड जिल्ह्यातील तालुक्यांत सिद्दी समाज विखुरलेला आहे. यांचे पुष्कळसे पूर्वज आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गुलाम म्हणून पोर्तुगीजांच्या गोव्यात आणले गेले. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच प्रवाशाने तेथील भर रस्त्यावर सकाळी भरणाऱ्या लिलावाचे वर्णन केले आहे. त्यात घोडे, जवाहीर आणि माणसे एकाच बोलीने विकली जात. या माणसांपैकी व त्यांच्या वंशजांपैकी अनेकजण धन्याच्या घरातून निसटले, घाट चढले आणि या रानांत वस्ती करून राहिले. आज ते मराठी-कन्नडचे मिश्रण असलेली कोंकणी बोलतात. त्यांत हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती तिन्ही धर्मांचे लोक आहेत. १८७३ मध्येच जोतीराव फुल्यांनी आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली होती. सातासमुद्रापलीकडची गुलामी मराठी वाचकाला तेव्हापासून ठाऊक आहे; घाटापलीकडची मात्र नाही.

ही कथा जो लिहील त्याच्यापुढे दोन मोह उभे राहतील. पहिला असा, की घाटाच्या माथ्यावर एखादा मराठा स्वार आणून त्याच्या हातून गुलामाच्या बेड्या तोडवाव्यात. त्याला आधारही दाखविता येईल: महाराजांनी १६७७ मध्ये डचांना दिलेल्या कौलात आपल्या मुलखात गुलामांची खरेदी-विक्री करण्यास मनाई केली होती, आणि ही गोष्ट भूषणावह आहेच. परंतु पुढे पेशवाईच्या कागदांत कुणबिणींच्या किमती लिहिलेल्या आढळतात, हेही लेखकाने विसरून चालणार नाही. गुलामी हे केवळ फिरंग्यांचे पाप म्हणून रंगविले की मुले निर्धास्त होतात. इतिहास शिकविणाऱ्याला असले निर्धास्तपण परवडत नाही. शिवाय, स्वार आला की कथा पुन्हा स्वाराचीच होते.

दुसरा मोह अधिक सूक्ष्म आहे. तो म्हणजे, घाट चढला की कथा संपविणे. आमच्या मते खरी कथा तेथूनच सुरू होते. पहिल्या पावसाळ्यात डोक्यावर छप्पर कशाचे घालावे? मीठ कोणाकडे मागावे? मागताना आपण कोठले म्हणून सांगावे? धनी सुटला तरी रानाच्या कडेला जमीनदार भेटतो आणि पोटासाठी त्याच्या शेतावर राबावे लागते, ही सुटका आहे की काय आहे? नव्या भूमीत घर मांडणाऱ्या कुटुंबाची गोष्ट मुलांना किती भावते, हे लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या पुस्तकांनी जगाला दाखविले. पण ती भूमी रिकामी नव्हती आणि मूळच्या रहिवाशांचे चित्रण लेखिकेने अन्यायाने केले, हा आक्षेप इतका वाढला की त्यांच्या नावाने दिल्या जाणाऱ्या अमेरिकन पुरस्काराचे नाव २०१८ मध्ये बदलण्यात आले. हल्याळ-जोयड्याचे रानही रिकामे नव्हते. तेथे कुणबी होते, गवळी होते. त्यांनी या नव्या माणसांना कसे पाहिले, हा प्रसंग आमच्या कल्पनेत तरी या कादंबरीचा गाभा ठरावा.

पुराव्याच्या अभावाची अडचण येथे पुढे केली जाईल. धन्याच्या वहीत किंमत उरते, माणूस उरत नाही, हे खरेच आहे. पण कादंबरीकाराने बखरींवरच विसंबावे असे कोठे आहे? सिद्दी स्त्रिया जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांची गोधडी शिवतात. तिला त्या कवंदी म्हणतात. ती कडेपासून आत शिवीत न्यावयाची आणि कोपऱ्यांवर घडीचे लहान तुकडे, म्हणजे ‘फुला’, लावावयाचे. ते नसले तर गोधडी उघडी राहिली असे मानतात. ज्या लेखकाला हे कोपरे दिसतील, त्याची सामग्री संपणार नाही.

जौहरवरचे ते पान आम्ही फाडलेले नाही; ग्रंथालयात ते पुस्तक आहे आणि राहील. त्या मुलाला आम्ही सांगितले होते, की सुटीत गावी जाशील तेव्हा आजीला विचार, आपण येथे कसे आलो. सुटीनंतर तो आला तेव्हा थोडा ओशाळलेला होता. म्हणाला, “सर, आजी म्हणाली, आलो कुठले, आपण इथलेच.”

या विषयावर लिहू इच्छिणाऱ्याने कादंबरीचे पहिले वाक्य याहून निराळे शोधू नये.