प्रेम, प्रतीक्षा आणि परिशिष्ट

अद्भुतरम्य कादंबरी मराठी वाचकाला नवखी नाही. १८५७ साली बाबा पदमनजी यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांच्या दुःस्थितीचे वास्तव चित्र रेखाटले आणि अवघ्या चार वर्षांनी, १८६१ साली, लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ प्रसिद्ध झाली. एका प्रवाहाने संसारातले दुःख दाखवले. दुसऱ्याने संकटांच्या मालिकेतून प्रेमिकांना सुखरूप पैलतीरी नेले. नाथमाधवांचे ‘वीरधवल’ ज्यांनी लहानपणी कंदिलाच्या उजेडात वाचले, त्यांना या दुसऱ्या प्रवाहाची गोडी सांगावयास नको.

जे. आर. आर. टोल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) ही त्रिखंडात्मक कादंबरी मुग्धा कर्णिक यांच्या अनुवादाने ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मराठीत आली. टोल्किन निष्ठावंत कॅथलिक होते. आपली ही कृती मुळात धार्मिक आणि कॅथलिक आहे, असे त्यांनी १९५३ साली एका येशूसंघीय धर्मगुरूंना लिहिलेल्या पत्रात म्हटले होते. कथेतील दुष्ट मुद्रिकेचा नाश २५ मार्च रोजी होतो. पवित्र मरियेला देवदूताने संदेश दिला, त्या सणाची हीच तारीख. तेव्हा आमच्या घरांतून हे पुस्तक कुतूहलाने वाचले जावे, यात नवल नाही.

जळगाव, भुसावळ, धुळे या भागांतील आमची कुटुंबे संख्येने थोडी. १९८७ साली स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांताच्या विस्तारात ती दूरदूर विखुरलेली. तरुण मंडळींनी बहुधा २००१ ते २००३ या काळातील चित्रपट आधी पाहिले आणि मग ग्रंथ हाती घेतला. मिस्सेनंतरच्या गप्पांत या ग्रंथाविषयी जी मते आमच्या कानी पडतात, त्यांतील तीन आम्हांस विचारणीय वाटतात. पहिले असे की, राजकन्या आर्वेन ही केवळ शोभेची बाहुली आहे. दुसरे असे की, वीरांगना एओविन हिचे मन आरागॉर्नवरून फारामिरकडे फारच झटपट वळते. तिसरे, विशेषतः वडीलधाऱ्यांचे मत असे की, प्रेमप्रकरणे कमी आहेत हेच बरे. मुलांच्या हाती द्यावयास पुस्तक निर्धोक आहे.

हे आक्षेप केवळ आपल्याकडचे नव्हेत. १९५५ साली एडविन म्यूर या कवीने लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये लिहिताना अशीच तक्रार केली होती की, यातील पात्रे प्रौढांच्या वेषातील मुलेच आहेत आणि स्त्रियांविषयी त्यांना काही ठाऊक नाही. एओविन-फारामिर यांच्या प्रेमाच्या वेगाबद्दल एका वाचकाने विचारलेल्या शंकेचे उत्तर टोल्किन यांनी १९६३च्या सुमारास लिहून काढले होते. मरण समोर उभे असता भावना लवकर पक्व होतात, असा त्यांचा अभिप्राय आहे. १९१६ साली विवाहानंतर काही महिन्यांतच सोमच्या रणांगणावर जावे लागलेल्या माणसाचा हा अभिप्राय आहे, हे विसरता कामा नये.

तरीही आमच्या मते एओविनचे खरे समर्थन याहून निराळे आहे. ती आरागॉर्नवर प्रेम करते असे आपण म्हणतो. परंतु तिला हवी असते ती त्याच्याभोवतीची कीर्ती आणि रणभूमीवरचे मरण. घरात कोंडले जाण्याचे भय तिला मृत्यूहून मोठे वाटते. युद्धात जखमी होऊन ती शुश्रूषागृहात पडते, तेव्हा फारामिर तिची कीव करीत नाही आणि तिच्या पराक्रमाला नावही ठेवीत नाही. तो तिचे दुःख ओळखतो. हा बदल एका नायकावरून दुसऱ्या नायकाकडे झालेला नाही. तो मरणेच्छेकडून जीवनेच्छेकडे झालेला आहे. असा बदल कधी कधी एका सकाळीही होतो. शुभवर्तमानात असे प्रसंग थोडे नाहीत.

वडीलधाऱ्यांच्या मताविषयी आमचा मतभेद आहे. प्रेम येथे कमी जागेत आहे. परंतु ते निर्धोक मुळीच नाही. फ्रोडोचा सोबती सॅम हा माळी. गावी रोझी नावाची मुलगी आहे, हे तो प्रवासभर फारसे बोलत नाही. मरण पुढे ठाकल्यावर मात्र ती त्याला आठवते. टोल्किन यांनी १९५१ सालच्या एका पत्रात सॅम-रोझीचे हे साधे ग्रामीण प्रेम कथेला अत्यावश्यक मानले आहे. पुढे या दांपत्याला तेरा मुले होतात. खानदेशी वाचकाला हे प्रेम अनोळखी वाटू नये. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी संसार हा चटके सोसून करावयाचा उद्योग आहे हे आपल्या ओव्यांतून सांगितले, आणि तो उद्योग सोन्यासारखा आहे हेही सांगितले. टोल्किनही १९४१ साली आपल्या मुलाला विवाहाविषयी लिहिताना स्त्रीला आकाशातील तारा न मानता संकटातली सहप्रवासी मानावयास सांगतात. सॅम-रोझीची जोडी याच विचाराची आहे.

उरला आर्वेनचा प्रश्न. येथे वाचकांची तक्रार आम्हांस रास्त वाटते. आरागॉर्न आणि आर्वेन यांचा वाङ्निश्चय झाल्यापासून विवाहापर्यंत एकोणचाळीस वर्षे जातात. तो राजा होईपर्यंत विवाह नाही, अशी तिच्या पित्याची, एल्रॉन्डची अट असते. त्यासाठी आर्वेन आपले अमरत्व सोडते. पती निवर्तल्यावर मर्त्य माणसांचा निरोप किती कडू असतो हे तिला उमगते आणि ती ओसाड वनात एकटीच मरण पावते. ही या ग्रंथातील सर्वांत हृदयद्रावक प्रेमकथा. पण ती मुख्य कथेत नाही, परिशिष्टात आहे. चित्रपटकारांनी तिला घोड्यावर बसवून फ्रोडोला नदीपार नेण्याचे काम दिले. तेवढ्याने उणीव भरून निघत नाही. आम्हांस तिचे शौर्य नको होते. तिने निर्णय कसा घेतला, हे तिच्या मुखातून ऐकावयाचे होते.

याचे मूळ लेखकाच्या आयुष्यात असावे काय? एडिथ ब्रॅट ही त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठी. पालक असलेले धर्मगुरू फ्रान्सिस मॉर्गन यांनी एकविसावे वर्ष सरेपर्यंत तिला भेटण्यास व पत्र लिहिण्यास मनाई केली. टोल्किननी ती पाळली. १९१३च्या जानेवारीत त्यांनी पत्र लिहिले, तेव्हा तिचा वाङ्निश्चय दुसऱ्याशी झालेला होता. तो तिने मोडला आणि १९१४ साली ती कॅथलिक झाली. या निर्णयापायी तिला राहते घर सोडावे लागले. पुढे तिने मिस्सेला जाणे जवळजवळ थांबवले होते आणि मुलांना चर्चला नेण्यावरून घरात ताण होता, असे चरित्रकार हम्फ्री कार्पेंटर सांगतात. कालांतराने तो निवळला. दोघांच्या थडग्यावर ‘बेरेन’ आणि ‘लूथिएन’ ही त्यांच्याच कथेतील प्रेमिकांची नावे कोरलेली आहेत. नावे त्यांनी दिली. एडिथने स्वतःची कथा लिहिली नाही.

आपल्या मराठी ख्रिस्ती साहित्यात मात्र अशा एका स्त्रीने ती लिहिली. १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई दुरावल्या, झुरल्या आणि १९०० साली स्वतःच्या पायांनी चालत त्या श्रद्धेपर्यंत आल्या. टिळक दांपत्य प्रॉटेस्टंट पंथाचे. परंतु ‘स्मृतिचित्रे’ हा आपणा सर्वांचाच वारसा आहे. त्यांत पतीवरचे प्रेम आहे, राग आहे, हसू आहे आणि मुख्य म्हणजे किंमत मोजणारीचा स्वतःचा आवाज आहे.

आमच्या लहानशा धर्मग्रामांत दरवर्षी एखादी तरी मुलगी विवाहासाठी आपले घर, आपली माणसे, कधी आपला धर्म मागे ठेवून येते, एखादी जातेही. तिची प्रतीक्षा आणि तिचा त्याग यांचे आपण कौतुक करतो आणि मग तिची कथा परिशिष्टात ढकलतो. टोल्किन यांचा ग्रंथ मुलांच्या हाती अवश्य द्यावा, वचन पाळणे म्हणजे काय हे त्यातून शिकावे. मात्र वाचून संपल्यावर त्यांना विचारावे: आर्वेनने आपली हकिगत स्वतः सांगितली असती, तर ती कोठून सुरू केली असती? ज्या घरात या प्रश्नाचे उत्तर प्रथम आईला विचारले जाईल, त्या घरात हा ग्रंथ खरोखर वाचला गेला, असे आम्ही समजू.