मवाळ आवाजाचा नट : जॉन फीडलर

सिडनी ल्युमेटचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७) पाहिलेल्यांना हेन्री फोंडा आठवतो, ली जे. कॉब आठवतो. ज्युरीतला क्रमांक दोनचा सदस्य आठवायला मात्र वेळ लागतो. टक्कल पडलेला, चष्मा लावणारा, इतरांना खोकल्याच्या गोळ्या देऊ करणारा, बारीक आवाजाचा हा बँकेतला माणूस म्हणजे जॉन फीडलर (१९२५–२००५). पुढे ‘द बॉब न्यूहार्ट शो’ या मालिकेतला मिस्टर पीटरसन असाच दबलेला गृहस्थ होता. डिस्नेच्या ‘विनी द पू’पटांतल्या भित्र्या पिगलेटलाही १९६८पासून त्याचाच आवाज होता. एकच भूमिका जन्मभर करणारा नट, असे मीही म्हणत आलो. ते मत मला आता मागे घ्यायचे आहे.

कारण कार्ल लिंडनर. लॉरेन हॅन्सबेरीच्या ‘अ रेझिन इन द सन’ या नाटकात (ब्रॉडवे, १९५९) आणि १९६१च्या चित्रपटातही ही भूमिका फीडलरनेच केली. शिकागोतले एक कृष्णवर्णीय कुटुंब गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते. वस्तीच्या वतीने लिंडनर येतो आणि अत्यंत अदबीने सुचवतो, की जास्त पैसे घ्या, पण राहायला येऊ नका. फीडलर येथे आवाज बदलत नाही. तेच अवघडलेले हसू, तोच संकोच. खलनायकाची एकही खूण तो देत नाही, म्हणूनच प्रसंग अंगावर येतो. आपण अन्याय करतो आहोत हे या माणसाच्या गावीही नाही. घर नाकारणारे बहुधा आवाज चढवत नाहीत. भाड्याचे घर शोधताना ज्यांना आधी आडनाव विचारले गेले, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

लिंडनरनंतर तो ज्युरीतला माणूस मला निराळा दिसू लागला. उंच बापाच्या छातीत बुटका मुलगा वरून खाली सुरा कसा खुपसेल, ही शंका तोच चाचरत काढतो. तिथे मवाळपणातून धैर्य उगवते. लिंडनरमध्ये त्याच मवाळपणाआड क्रौर्य लपते. ‘स्टार ट्रेक’च्या ‘वुल्फ इन द फोल्ड’ (१९६७) या भागात तर त्याच्या साध्यासुध्या अधिकाऱ्याच्या देहात खुनी शक्तीच वसलेली निघते.

सहायक नटाला आपण भूमिकांच्या वैविध्याने मोजतो. फीडलरला ते माप अपुरे पडते. त्याने आवाज एकच ठेवला आणि त्याची कीव करायची की त्याला भ्यायचे, हे ठरवण्याचे काम दर वेळी आपल्यावर टाकले.