वाकळ कुणाची?

ॲलिस वॉकर या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेची 'एव्हरीडे यूज' ही कथा १९७३ सालची. नावाचा अर्थ साधा, रोजचा वापर. खेड्यातलं एक घर, झाडून लख्ख केलेलं अंगण, आई आणि दोन मुली, आणि चिंध्या जोडून शिवलेल्या दोन वाकळा. एवढाच ऐवज. पण आईच्या माघारी तिची ट्रंक जिने उघडली आहे, तिला ही कथा परकी वाटणार नाही.

थोरली डी शिकून शहरात गेलेली. धाकटी मॅगी घराला आग लागली तेव्हा भाजलेली, व्रण घेऊन भिंतीच्या कडेकडेनं वावरणारी. डी भेटीला येते, घराचे फोटो काढते. लोणी काढायच्या रवीचं भांडं तिला दिवाणखान्यात मांडायला हवं असतं. मग ट्रंकेतून ती दोन वाकळा काढते. त्यांत आजीच्या झग्यांचे तुकडे, आजोबांच्या सदऱ्यांचे तुकडे, आणि पणजोबांच्या यादवी युद्धातल्या गणवेशाचा काडेपेटीएवढा निळा तुकडा. डीला त्या भिंतीवर टांगायच्या आहेत. आईनं मात्र त्या मॅगीच्या लग्नासाठी कबूल केलेल्या. डी म्हणते, मॅगी तर त्या रोज अंथरून फाडून टाकेल.

आई अंगानं थोराड, पुरुषी कामं करणारी. डुक्कर मारून साफ करते हे ती अभिमानानं सांगते. आपल्या घरात वाढलेली बाई इथं थबकते. मीही पुस्तक क्षणभर मिटलं. पण वॉकरबाईंनी तिला गोड गोड केलेली नाही, म्हणूनच पुढं तिचा शब्द खरा वाटतो.

ही कथा सहसा अशी वाचली जाते : डी दिखाऊ, मॅगी खरी, आणि वस्तू वापरली तरच ती वारसा. हे चूक नाही. डी कॉलेजला निघाली तेव्हा आईनं वाकळ देऊ केली होती, तेव्हा तिला ती जुनाट वाटली. आता आई दुसऱ्या वाकळा पुढं करते तर त्यांच्या काठाला मशीनची टीप आहे म्हणून नको. मशीनच्या टिपेनं त्या जास्त टिकतील, हे आईचं बोलणं तिच्या कानावरून जातं. टिकणं आणि दिसणं यांतला फरक लेखिकेनं त्या एका टिपेत दाखवला आहे.

माझा जीव मात्र दुसऱ्याच जागी अडकतो. वाद ऐकून मॅगी दारातून हळूच म्हणते, तिला घेऊ दे, आजीची आठवण ठेवायला मला वाकळ लागत नाही. हे वाचून आपल्यातल्या कितीजणी म्हणतील, बघा, केवढा त्याग! अपरिग्रह आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण आई मुलीचा चेहरा बघते आणि तिला कळतं, ह्या मुलीला मिळण्याची सवयच नाही. बहिणीपुढं तिला राग येत नाही, भीती वाटते. जे हातात आलंच नाही ते सोडलं, याला त्याग कसं म्हणायचं? आपल्या घरांतही वाटणीच्या वेळी एक मुलगी म्हणते, 'ताईलाच दे, मला काय करायचंय.' तिला आपण गुणाची म्हणतो आणि विषय मिटवतो. कथेतली आई तो मिटवत नाही. डीच्या हातातून वाकळा हिसकावून ती मॅगीच्या मांडीवर टाकते. घ्यायचं की द्यायचं, हे आता मॅगीचं. धर्म सुरू होईल तो इथून पुढं.

डीवर मात्र लेखिकेनं थोडा अन्याय केला आहे असं मला वाटतं. गॉगल, बांगड्या, बदललेलं नाव, सगळं हसू येईल असं रंगवलंय. खरं तर तिची शंका खोटी नाही. रोज वापरलेली वाकळ पाच-सात वर्षांत विरते, हे वाकळ धुतलेल्या बाईला सांगायला नको. त्यावर आईचं उत्तर एवढंच, की मॅगी नव्या शिवेल, तिला शिवणं येतं. ही ओळ डोळ्यांखालून निसटून जाते, आणि कथेचा कणा तीच आहे.

आमच्या बेळगाव भागातलं शिवणं आठवून बघा. मराठी घरात वाकळ, कन्नड घरात कौदी. सुगी सरली की उन्हाळ्यात जुनी इरकल लुगडी, धोतरं, पोलक्यांच्या चिंध्या निघत. कडेपासून धावदोरा घालत घालत मध्यापर्यंत यायचं, भाकऱ्या आणि दळणकांडण आवरून मिळेल त्या तासात. म्हणून एक वाकळ पुरी व्हायला महिने जात. मिटवताना आत भाकरीचा तुकडा ठेवत, वाकळ उपाशी राहू नये म्हणून. हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका चारी कोपऱ्यांना कापडाची फुलं लावल्याशिवाय वाकळ पुरी झाली असं मानत नाहीत. आणि विरलेली वाकळ आपण टाकत नव्हतो, ती नव्या वाकळेच्या पोटात जायची. म्हणजे वाकळ संपते ती फाटल्यानं नव्हे, शिवणारी संपल्यानं. डीला कापड राखायचं होतं. मॅगीकडे हात होता. रवी कुणी कोरली, त्या माणसाला घरात काय हाक मारायचे, हेही तिलाच ठाऊक होतं.

डी निघून गेल्यावर आई आणि मॅगी झोपायची वेळ होईपर्यंत अंगणात नुसत्या बसून राहतात. शेवट एवढाच. भाषण नाही, रडारड नाही.

कथा मिळाली तर जरूर वाचा, मुलीसुनांना वाचून दाखवा. आणि ट्रंक उघडायची वेळ येईल तेव्हा जी मुलगी काही मागत नाही, तिला आधी विचारा. तिनं 'नको' म्हटलं, तर आणखी एकदा विचारा.