अजय-अतुल यांची गीतरचना : बोलीला लाभलेली प्रतिष्ठा

अजय व अतुल गोगावले या बंधूंचा विचार मुख्यतः संगीतकार म्हणून होतो. ‘जोगवा’साठी त्यांना मिळालेला राष्ट्रीय पुरस्कारही संगीतदिग्दर्शनाचाच होता. ‘सैराट’ (२०१६) मधील ‘याड लागलं’ व ‘झिंगाट’ या गीतांचे शब्दही त्यांचेच आहेत, ही बाब त्यामुळे दुर्लक्षित राहते.

‘सैराट’ची भूमी करमाळा तालुक्याची, भीमेच्या अलीकडे इंदापूर व पुढे बारामती तालुक्यातील सांगवी. या पट्ट्यात ‘वेड’ नव्हे, ‘याड’ लागते. मराठी चित्रपटात अशी बोली बहुधा विनोदाच्या वाट्याला आली. गोगावले बंधूंनी तिला प्रेमाच्या उत्कट भावाची भाषा केले आणि लॉस एंजेलिस येथे ध्वनिमुद्रित सिंफनी वाद्यवृंदाची साथ दिली. ग्रामीण शब्द व पाश्चात्त्य वाद्यमेळ येथे समान पातळीवर उभे राहतात.

‘धडक’ (२०१८) या हिंदी चित्रपटात ‘याड लागलं’ची चाल ‘पहली बार’ या गीतासाठी योजली गेली. चाल टिकली, बोली मात्र गळाली. ‘झिंगाट’ हा शब्द तेवढा हिंदीतही कायम राहिला, कारण त्याला पर्याय नव्हता. सारांश, या बंधूंच्या वारशाचे मोजमाप केवळ चालींच्या लोकप्रियतेवरून करणे अपुरे ठरते. भाषांतरात जे हरवते, तेही त्या वारशाचाच भाग होय.